नाव घालण्याआधी

दुष्काळाच्या त्या वर्षांत औरंगपुऱ्यातल्या सायबर कॅफेत एक प्राध्यापक रोज माझ्या शेजारी बसायचे. टाइप करण्याआधी चष्मा काढून बराच वेळ डोळे चोळायचे. एकाच मेलनं अनेकांना निरोप कसे पाठवावेत, याचे जगभरासाठी नियम ठरवणाऱ्या समितीत ते होते. समितीचं कामही मेलवरच चालायचं. अशा मेलच्या यादीत कुणाचंही नाव घालण्याआधी त्याला विचारलंच पाहिजे, एवढं एक वाक्य त्यांना त्या नियमांत हवं होतं. परदेशातले सदस्य ते खोडायचे आणि सर पुन्हा लिहायचे.

"सर, एवढा हट्ट कशाला?" मी एकदा विचारलं.

"हर्सूलला आमच्या शेतातून नव्या कॉलनीचा रस्ता गेला. खुंट्या ठोकल्यावर कळलं आम्हाला. आधी कुणी विचारलं नाय," ते म्हणाले. "इथं तरी लिहून ठेवावं म्हणतो."

उन्हाळा सरता सरता अंतिम मसुदा आला. त्यांनी तो मला पडद्यावर दाखवला. वाक्य राहिलं होतं, पण 'विचारलंच पाहिजे'च्या जागी 'शक्यतो विचारावे' असं आलं होतं.

"लई झालं एवढं," ते म्हणाले आणि घरी टँकर यायची वेळ झाली म्हणून उठले.