सप्ताहाचं पातेलं आणि खिचडीच्या मावशी

खिचडीच्या मावशी मीठ कधी चाखून बघत नसत. पातेल्यावरचं झाकण सरकवायचं, वाफ नाकावर घ्यायची आणि म्हणायचं, "चिमूटभर कमी हाय." त्यांचा अंदाज चुकल्याचं मला तरी आठवत नाही. भोकर तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत मी पहिलीपासून त्यांच्या हातची खिचडी खाल्ली. आम्हा पोरांना ती जादू वाटायची. न चाखण्याचं खरं कारण मला बी.ए. झाल्यावर कळलं.

पदवी झालेल्या पोरांना सहा महिने सरकारी कामावर घ्यायचं निघालं, तेव्हा मला आमचीच शाळा मिळाली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी तेव्हा सगळ्यांना सांगायचो, आजही सांगतो. मला लहानपणापासून "बाबू" म्हणणाऱ्या मावशी पहिल्या दिवशी पोरांदेखत "सर" म्हणाल्या. मी लगेच चुलीपाशी जाऊन अक्कल शिकवली. "मावशी, वाढायच्या आधी चाखून बघावं. तसा नियमच आहे."

"कॉलेजात मीठ बी शिकवत्यात का, सर?" त्या हसल्या. मग पळी खाली ठेवून हळू आवाजात म्हणाल्या, "माझ्या तोंडाला लागलेलं लेकरांना वाढलं, असं उद्या कुणी म्हणाया नको."

गावच्या बौद्ध वस्तीतून शाळेत कामाला आलेल्या त्या एकट्याच. इतक्या वर्षांत तसं कुणी म्हणालं नव्हतं. कुणी म्हणू नये म्हणून त्या इतकी वर्षं जपत होत्या.

बुधवारी अंडी असायची. माळकऱ्यांच्या घरच्या पोरांना त्याऐवजी केळं. अंडी सोलून झाली की मावशी साबणानं दोनदा हात धुवायच्या आणि मगच केळ्यांच्या टोपलीला शिवायच्या. मी म्हटलं, "केळ्याला सालपट असतं की, मावशी." त्या म्हणाल्या, "बघणाऱ्याला सालपट दिसत न्हाई, सर." मला तेव्हा हसू आलं होतं.

लोकांना वाटतं, असले वाद कुठंतरी वर, मोठ्या माणसांत ठरतात. ठरतही असतील. आमच्या गावातला वाद मात्र गळक्या पातेल्यानं सुरू झाला. एका बुधवारी अंडी उकडायच्या पातेल्याचं बूड गळायला लागलं. हेडमास्तर भोकरला बैठकीला गेले होते. देवळाचं बांधकाम चालू होतं, म्हणून गावच्या हरिनाम सप्ताहाची भांडी शाळेच्या मागच्या खोलीत ठेवलेली होती. मोठमोठी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची पातेली, काठावर टिंबाटिंबांनी सप्ताह समितीचं नाव घातलेलं. मी म्हणालो, "त्यातलं एक घेऊ."

मावशी दोन पावलं मागं सरकल्या. "नको, सर. पोरीच्या लग्नाला बी आम्ही ही भांडी मागितली न्हाईत. भोकरहून भाड्यानं आणली. आज लेकरं नुसती खिचडी खातील, काय बिघडतंय?"

"कोणत्या जमान्यात राहता, मावशी? माझे वडील समितीत आहेत. मी बघून घेतो."

पातेलं मीच ओढून बाहेर काढलं, मीच चुलीवर चढवलं. मावशी पदराला हात पुसत दाराकडं बघत होत्या. "कुणी बघून तर न्हाई ना राहिलं?" त्यांनी दोनदा विचारलं. अंडी उकळायला लागली तेव्हा मी एका हातानं फडक्यात पातेल्याचं कडं धरलं, दुसऱ्या हातानं मावशींसकट फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. खाली लिहिलं, "आमची शाळा, आमची लेकरं." मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता.

दुपार कलायच्या आत कुणीतरी फोटो मोठा करून काठावरचं नाव वाचलं. मी स्टेटस काढून टाकलं, पण फोटो गावाबाहेर गेला होता. रेणापूरच्या माझ्या मावसभावानं तोच मला पाठवला. "तुमच्या गावात काय चाललंय रे?" त्याच्या फोटोत माझा हात नव्हता. कडेचा भाग कापला होता. उरल्या होत्या एकट्या मावशी, पुढं पातेलं, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं, "सप्ताहाचं भांडं मुद्दाम बाटवलं." मी फोन उलटा करून खाटेवर ठेवला. तो थरथरत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावरून मोटारसायकली आल्या. त्यातले चेहरे गावातले नव्हते. तिकडं वस्तीतली पोरंही जमली, आणि त्यांच्या बाजूनंही बाहेरची माणसं आली. दोन्हीकडं हातात फोन धरलेले. जुन्या पातेल्याचं काय झालं होतं, हे एकानंही विचारलं नाही. गावातल्या बायांनी पोरांना घरात ओढून कड्या लावल्या. वडिलांनी मला न्हाणीत नेऊन दार लोटलं. "पातेलं तू काढलंस, हे मला कळलंय. गावाला कळू देऊ नको. आपल्याच घरावर येतील." मग त्यांनी दार किलकिलं करून बाहेर कुणी आहे का बघितलं. बापाला भ्यालेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

शाळेच्या मैदानात सगळ्यांना बोलावलं. सरपंच, हेडमास्तर, दोन पोलीस. कुंपणाबाहेर दोन्ही बाजूंचे जमाव. सरपंचांनी विचारलं, "भांडं कुणी काढलं?"

"मी न्हाई काढलं," मावशी म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. मग त्या माझ्याकडं वळल्या. "सर, सांगा की."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं फिरल्या. कुंपणावर एक पोरगा फोन उंच धरून उभा होता. मी म्हणालो, "मी वर्गावर होतो. फोटोपुरता आलो."

एवढंच बोललो. मावशींनी माझ्याकडं बघितलं आणि डोक्यावरचा पदर पुढं ओढला. गावात शांतता राहावी म्हणून त्यांना कामावरून कमी केलं. अंडी बंद झाली. वस्तीतली पोरं चवताळली, तेव्हा मावशीच त्यांच्या आडव्या आल्या. "माझ्या नावानं एक दगड उचलायचा न्हाई. मला ह्याच गावातनं पाणी भरायचं हाय." पण पुढं नळावर बाया गप्प व्हायच्या, किराणा दुकानातला माणूस त्यांना शेवटी सामान द्यायचा. महिनाभरात त्यांनी लातूरला लेकीकडं जायचं ठरवलं.

निघायच्या सकाळी मी फाट्यावर गेलो. एक पिशवी, एक वळकटी, बाजूला त्या. मी म्हणालो, "मावशी, मी भ्यालो."

"हाव. दिसलं मला." त्या रस्त्याकडंच बघत होत्या. "मी बी लई भ्याले होते. तरी खरं तेच बोलले न्हाई का?"

एसटी आली. वळकटी वर चढवायला मी हात पुढं केला, तर त्या म्हणाल्या, "राहू द्या, कुणी बघंल." आणि त्यांनी ती स्वतःच चढवली.

आता मी जळकोटकडं एका शाळेत शिकवतो. तो कापलेला फोटो अजून फिरतो. दर वेळी गावाचं नाव नवीन असतं आणि शिव्याही नवीन असतात. मावशी लातुरात कुठल्या गल्लीत राहतात, ते मला ठाऊक आहे. तिथवर जाऊन दोनदा परत फिरलो. तोंडानं जमलं नाही, म्हणून लिहून ठेवतो. पातेलं मी काढलं. चुलीवर मी चढवलं. मी वर्गावर नव्हतो. हे छापायला माझ्या नावागावासकट देतोय, आणि वडिलांना अजून वाचून दाखवायची हिंमत झालेली नाही.