मावशींची साइट मी नवी केली

मावळातल्या निम्म्या माणसांना त्यांच्या आयांच्याही आधी माझ्या बायकोच्या मावशींनी पाहिलेलं आहे. यात अतिशयोक्ती असली तर ती माझी नाही, खुद्द मावशींची आहे, आणि त्यांच्यासमोर ती खोडून काढण्याची प्राज्ञा अजून तरी कुणाची झालेली नाही. सरकारी नोकरीत नर्स म्हणून त्यांनी उभी हयात टाकवे, औंढे, कुरवंडे आणि त्यांच्या आसपासच्या वाड्यापाड्यांवर बाळंतपणं करण्यात घालवली. माणसाशी ओळख करून घेताना त्या नावगाव विचारत नाहीत. तो डोक्याकडून आला की पायाकडून, आणि जन्मताना वजन किती भरलं, हे विचारतात. आमच्या साखरपुड्यात त्यांनी माझ्या आईला भर मांडवात माझं जन्माचं वजन विचारलं. आईला ते आठवेना. तेव्हा मावशींनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की मुलाची कागदपत्रं अपुरी असल्यामुळे हे लग्न मोडतंय असंच मला क्षणभर वाटलं.

निवृत्तीनंतर लोणावळ्याच्या दोन खोल्यांत राहून त्यांनी जे आरंभलं, त्याने मात्र आम्ही सगळेच चाट पडलो. त्यांनी साइट काढली. लेख वगैरे प्रसिद्ध करण्यासाठी जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून तयार केलेलं एक मोफत सॉफ्टवेअर असतं, ते त्यांनी कुठल्याशा शिबिरात शिकून घेतलं आणि त्यावर आपल्या एकेका बाळंतपणाची गोष्ट लिहायला सुरुवात केली. आडनाव नाही, पत्ता नाही. गाव, पाऊसपाणी, वाट कुणी दाखवली, पाणी कुणी तापवलं, एवढंच. टाकव्याच्या एका गोष्टीत ओढ्याला पूर आलेला, म्हणून मावशी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून पोहोचल्या, तर बाळ आधीच येऊन आईच्या कुशीत झोपलेलं. बाळाची आजी म्हणाली, "बाई, तुमी लय उशीर केला. आता आलाय तर च्या तरी घ्या." ती गोष्ट साइटवर पडली आणि आठवड्याभरात खाली कुणीतरी लिहिलं, "तो चहा झाला तेव्हा रडत होतो तो मीच. आता चाकणला कारखान्यात आहे." झालं! तिथून पुढे अशी माणसं येतच राहिली. कुणी दुबईहून, कुणी तळेगावच्या शाळेतून, कुणी आईला शेजारी बसवून तिच्या तोंडचं लिहायचं. या प्रतिक्रियांना मावशी प्रतिक्रिया म्हणत नसत. "आज दोन मुलं आली," असं म्हणत.

साइटची शुश्रूषाही त्यांनी नर्सच्याच पद्धतीने चालवली होती. कीबोर्डला हात लावण्यापूर्वी कोपरापर्यंत साबणाने हात धुवायचे. लोणावळ्याच्या दमट हवेत लॅपटॉपला सर्दी होते अशी त्यांची ठाम समजूत, म्हणून काम नसताना तो लहान मुलाच्या झबल्याबरोबरच्या कुंचीत गुंडाळलेला. टपालपेटीत आलेली ई-मेलं, त्यात साइटवरच्या प्रतिक्रियांच्या प्रतीही आल्या, संध्याकाळी वाचून पुसून टाकायची, कचरापेटीसकट, कारण दिवसाअखेर वॉर्ड स्वच्छ हवा. साइटमध्ये कोण केव्हा आलं आणि त्याने काय केलं याची आपोआप नोंद करणारी एक जोडणी, म्हणजे मूळ सॉफ्टवेअरला वरून जोडायचा छोटा भाग, त्यांनी हट्टाने बसवून घेतली होती. तिला त्या ड्यूटी रजिस्टर म्हणत. मात्र सॉफ्टवेअर नवं करण्याचं नाव काढायची सोय नव्हती. पडद्याच्या कोपऱ्यात, इतक्या गोष्टी नव्या करायच्या राहिल्यात, असं सांगणारा लाल आकडा वर्षानुवर्षं वाढत होता. मावशींना तो तापासारखा दिसायचा. शेवटी त्यांनी त्यावर जखमेला लावायची चिकटपट्टी डकवून टाकली. "पेशंट खातंय, पितंय, हसतंय," त्या मला म्हणाल्या. "तुम्हाला कशाला हवंय ऑपरेशन, जावईबापू?"

मी पुण्यात संगणकाच्याच कंपनीत आहे. मोठमोठ्या परदेशी गिऱ्हाइकांच्या साइट नव्या करणं हा माझा धंदाच. त्यामुळे चिकटपट्टीवर मी पाहुण्यारावळ्यांत भरपूर हशा मिळवलेला होता. पुढे, ज्यांच्या यंत्रावर मावशींनी साइटला जागा घेतली होती त्यांचं पत्र आलं, की इतकं जुनं सॉफ्टवेअर आता आमच्याकडे चालणार नाही, महिन्याभरात नवं करा, नाहीतर साइट बंद पडेल. मावशींनी मला फोन केला. आवाज जरा बारीकच होता. मी म्हटलं, "अर्ध्या तासाचं काम आहे, मावशी. रविवारी येतो."

त्या रविवारी मी दुपारी पोहोचलो आणि पोहोचल्यापासून माझं सगळं लक्ष परतीच्या रस्त्यावर होतं. रविवारी चारच्या पुढे पर्यटकांच्या गाड्या पुण्याकडे वळल्या की तिथून हलता येत नाही. मावशींनी माझे हात धुवून घेतले, कुंची सोडली आणि चिकटपट्टी स्वतःच्या हाताने काढली. खाली आकडा सत्तेचाळीस. त्यांनी विचारलं, "रक्ताची बाटली तयार ठेवलीय ना?" म्हणजे काही बिनसलं तर परत आणता येईल अशी सगळ्या साइटची प्रत काढून ठेवलीय ना. मी म्हटलं, "हो." प्रत काढायला मी संगणकाला सांगितलं होतं हे खरं. ती पुरती उतरली की अर्ध्यात तुटली, हे मी बघितलं नाही. बघायला दोन मिनिटं लागली असती.

मग मी माझ्या नावाच्या खात्यातून आत शिरून एकेक नवं करत गेलो. एक जुनी जोडणी नव्या आवृत्तीशी जुळेना. मी काढून टाकायला घेतली तर पडद्यावर प्रश्न आला, की हिच्यासोबत साठवलेली माहितीही पुसायची का? असले प्रश्न मी रोज पन्नास वाचतो, म्हणजे वाचत नाही. मी 'हो' दाबलं. साइट नव्या रूपात झळकली. मोठी अक्षरं, मोबाईलवर छान दिसणारी. मावशींनी देवापुढे साखर ठेवली, मला शिरा खाऊ घातला, आणि "जावईबापू, हात हलका आहे हो तुमचा," असं शेजारच्या बाईंना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या. साडेतीनला मी रस्त्याला लागलोसुद्धा.

सोमवारी सकाळी त्यांचा फोन. "जावईबापू, मुलं कुठे गेली?"

मला आधी कळलंच नाही. मग साइट उघडून पाहिली. गोष्टी सगळ्या जागच्या जागी, आणि प्रत्येक गोष्टीच्या खाली पांढरं. खेड्यातल्या माणसांना मराठीत सहज लिहिता यावं म्हणून प्रतिक्रियांसाठी मावशींनी वेगळी जोडणी वापरली होती. तीच मी पुसली होती, माहितीसकट. काढून ठेवलेली प्रत उघडली, ती अर्ध्यात तुटलेली. हे सगळं मला पाच मिनिटांत कळलं. आणि सहाव्या मिनिटाला मी मावशींना सांगितलं, "नव्या आवृत्तीत दोष आहे, मावशी. फुकटचं सॉफ्टवेअर, असं व्हायचंच. मी तक्रार करतोय."

तेव्हा मला कसली भीती वाटली हे आज नीट सांगता येत नाही. सत्तरी ओलांडलेली ती बाई मला काय करणार होती? पण ज्या चिकटपट्टीवर मी इतका हसलो तीच शहाणपणाची निघाली, हे मला तोंडाने म्हणवेना. रोज वाटायचं, काहीतरी मार्ग सापडेल आणि गुपचूप सगळं परत आणीन. आठवडा उलटून गेल्यावर धीर करून मी त्या जागावाल्यांना फोन लावला. पलीकडची मुलगी नम्रपणे म्हणाली, "सर, आम्ही सात दिवसांपूर्वीपर्यंतच्या प्रती ठेवतो. आज नववा दिवस आहे." सोमवारी खरं बोलून हाच फोन केला असता तर सगळी मुलं घरी आली असती. 'हो' दाबणं ही चूक होती. पण मुलं गेली ती माझ्या खोट्याने.

दरम्यान मावशी गप्प बसल्या नव्हत्या. हे सॉफ्टवेअर करणाऱ्या मंडळींचा एक मंच असतो, कुणीही अडचण लिहावी, कुणीतरी फुकट मदत करतं. मावशींनी तिथे आपल्या केसपेपरी इंग्रजीत पत्र टाकलं. मला हे कळलं ते त्यांनीच फोनवर सांगितलं म्हणून. मी तो मंच ऑफिसात उघडला. मावशींनी तक्रार केलीच नव्हती. त्यांनी लिहिलं होतं, की तुमच्या नव्या आवृत्तीत काही दोष राहिला आहे असं आमचे जावई सांगतात, पण तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, फुकट काम करणाऱ्याच्या हातून एखादं चुकतंच, फक्त पुढच्या कुणाचं असं होऊ नये म्हणून कळवते. कुठल्याशा थंड देशातला एक गृहस्थ त्या दोषाच्या मागे लागला होता. दोन दिवस त्याने स्वतःकडे तशीच साइट उभी करून पाहिली. दोष सापडेना, म्हणून बिचाऱ्याने क्षमा मागून साइटमधल्या नोंदी मागितल्या. मावशींचं ड्यूटी रजिस्टर तयारच होतं. त्यांनी ते चिकटवलं. गृहस्थाने उत्तर दिलं, की रविवारी दुपारी दुसऱ्या व्यवस्थापकाच्या नावाने आत आलेल्या व्यक्तीने ही जोडणी माहितीसकट पुसलेली दिसते. ही दुसरी व्यक्ती कोण?

त्याखाली मावशींचं उत्तर होतं. "तीही मीच. मी म्हातारी आहे, माझी दोन खाती आहेत. चूक माझी. तुमचे दोन दिवस घेतले, क्षमा असावी."

ते उत्तर चार दिवसांपूर्वीचं होतं. म्हणजे त्यानंतर दोनदा आम्ही फोनवर बोललो होतो, दोन्ही वेळा मी त्या दोषाबद्दल काहीबाही थापा मारल्या होत्या, आणि दोन्ही वेळा त्यांनी "बरं, बरं" म्हणत ऐकून घेतल्या होत्या.

शनिवारी सकाळी मी लोणावळ्याला गेलो. दारातच बोलून टाकावं म्हणून गाडीत वाक्यं जुळवली होती, पण मावशी म्हणाल्या, "बसा, चहा टाकते," आणि माझी वाक्यं चहाच्या आधणात गेली. चहा आला, त्यात साखर नव्हती. विसरल्या की घातली नाही, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. तो तसाच पिऊन मी सगळं सांगितलं. 'हो' दाबल्याचं, थापांचं, नवव्या दिवसाच्या फोनचं.

पहिल्या दोन गोष्टी त्यांना ठाऊकच होत्या. त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, "एका पाड्यावर माझा डोळा लागला होता. रजिस्टरमध्ये मी वेळ बदलून लिहिली. बाळ जगलं म्हणून, नाहीतर हे सांगायला तोंड राहिलं नसतं. तेव्हापासून नोंद वाचली की माणूस कुठे घाबरलाय ते मला दिसतं." पण तिसरी गोष्ट ऐकल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत राहिल्या. इतक्या वर्षांत जावयाला अहोजाहो सोडून न बोललेल्या मावशी अगदी हळू म्हणाल्या, "अरे, सोमवारी का नाही रे सांगितलंस?"

त्यांच्यादेखत मी मंचावर माझं नाव घालून खरं काय ते लिहिलं. गृहस्थाचं दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, की असं मीही एकदा केलंय. त्याने बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

तेव्हापासून महिन्यातले दोन शनिवार मी मावशींना गाडीतून गावोगाव नेतो. ज्याने जे लिहिलं होतं ते त्याच्याकडून पुन्हा लिहून घ्यायचं, असा त्यांनी बेत आखला. माझी नेमणूक लेखनिक म्हणून झाली, अर्थात हात धुवूनच. टाकव्याला ट्रॅक्टरवाल्या बाळाच्या आईने पहिल्याहून दुप्पट मोठी गोष्ट सांगितली. कुरवंड्याला एक आजीबाई मावशींना दारातच म्हणाल्या, "बाई, मागं सांगितलं हुतं की समदं. हरवलं व्हय?" मावशी काही बोलायच्या आत मी म्हटलं, "माझ्या हातून हरवलं, आजी." त्यांनी मला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाल्या, "मंग लिव आता. बस हितं." दीड तास सांगत होत्या. माझी बोटं दुखली. मला ते आवडलं.

सगळेच भेटले नाहीत. औंढ्याला गेलो ते एका पायाळू जन्मलेल्या माणसासाठी. मावशींच्या गोष्टींतलं सगळ्यात अवघड बाळंतपण त्याचं. त्याने खाली काहीतरी लांबलचक लिहिलं होतं, एवढंच मावशींना आठवत होतं. शब्द आठवत नव्हते. घरी त्याची बायको होती. तो गेल्या वर्षी गेला, असं तिने सांगितलं. मावशी ओट्यावर बसल्या, तिचा हात हातात घेऊन. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "साइटवर काय लिहिलं होतं त्यानं, काही आठवतंय का गं?"

"न्हाई वं बाई," ती म्हणाली. "ते मोबाईलमधी लिवायचे. मला कुटं वाचाया येतंय? हितंच बसून लिवलं हुतं. मी म्हनलं, काय लिवताय येवढं? तर सांगितलं न्हाई. पन लिवताना हसत व्हते."

घरी पोहोचल्यावर मावशींनी हात धुतले आणि त्या दिवसाची नोंद मला न सांगता स्वतःच टाइप केली, एका बोटाने. औंढ्याच्या त्या गोष्टीच्या खाली ती आजही आहे. "याने लिहिलेलं आमच्याकडून हरवलं. लिहिताना हसत होता, असं बायको सांगते."

त्यांनी 'आमच्याकडून' लिहिलंय. मी ते बदलून घ्यायला गेलो, तर त्यांनी लॅपटॉप मिटून बाजूला ठेवला. त्या माणसाचं लिहिणं साइटवर पाच वर्षं होतं. मी ते एकदाही वाचलं नव्हतं. आता अधूनमधून ऑफिसात काम संपलं की मी ते पान उघडतो आणि तो कशाला हसला असेल, याचा विचार करत बसतो.