लव्हेंडरपुढचा दहीभात

आमच्या शेजारच्या वावरातले भाऊ बोलताना सतत बोटांनी माती चुरत राहतात. चिखलीच्या उन्हात त्यांचं लव्हेंडर दोनदा जळालं. "पुन्हा काऊन लावता?" मी विचारलं, तर म्हणाले, "मातीशी वळख व्हाले वेळ लागते न." तिसऱ्यांदा त्यांनी शेवग्याच्या सावलीत रोपं लावली आणि यंदा ती फुलली.

मलकापूरचे अत्तरवाले चाचा भाव ठरवायला आले आणि थेट फुलांत शिरू लागले.

"थांबा चाचा, आधी सीतादही करू द्या," भाऊ म्हणाले.

कपाशीच्या पहिल्या वेचणीआधी ठेवतात तसा दहीभात भाऊंनी त्या परक्या झाडांपुढं ठेवला आणि हात जोडले. ते हात मी पहिल्यांदाच स्थिर पाहिले.

चाचांनी गुपचूप चपला काढल्या. मीही काढल्या.