यमुनाक्कांचं रिकामं फंक्शन

यमुनाक्कांच्या प्रोग्रॅमचं पहिलं पान कधीच काही काम करायचं नाही. त्यावर नुसती फंक्शनची, म्हणजे एकेका कामाची, नावं असायची. तापमान सांग, मशीन चालू कर, मशीन बंद कर, घंटा वाजव. प्रत्येक नावापुढे बरोबरचं चिन्ह आणि शून्य. आत एक ओळसुद्धा नाही. कंपनीत नवीन आलेला कुणीही ते पान पाहून हमखास विचारायचा, "अक्का, हे अर्धवट राहिलंय का?" अक्का चष्म्यावरून बघायच्या आणि म्हणायच्या, "अर्धवट नाही की. तुझी वाट बघतंय."

मीही विचारलं होतं. नव्वदच्या दशकाचा मध्य होता आणि मी नागपूरहून बंगळूरला नुकताच आलो होतो. कोरमंगलात एका घराच्या वरच्या मजल्यावर आमची कंपनी होती. जेमतेम पंधरा माणसं, सगळी पंचविशीच्या आतली. अपवाद दोन. एक आमचे मॅनेजर दामले, मुंबईचे. दुसऱ्या यमुनाक्का, वय शेहेचाळीस. त्यांचं घराणं तीनेकशे वर्षांपूर्वी बंगळुरात येऊन राहिलेलं. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलं होतं की एक कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं हे त्यांनाही सांगता आलं नसतं. मला त्या "तम्मा" म्हणायच्या, म्हणजे धाकटा भाऊ. एका सरकारी कारखान्यात पंचकार्डांना भोकं पाडण्यापासून त्यांनी सुरुवात केली होती. यजमानांची गिरणी बंद पडल्यावर वयाच्या चाळिशीत सी प्लस प्लस शिकून त्या इकडे आल्या. घर त्यांच्याच पगारावर चालायचं, आणि या वयाच्या बाईला या धंद्यात दुसरं कुणी दारात उभं करणार नाही हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

ॲबस्ट्रॅक्ट क्लास, म्हणजे हे असलं रिकामं पान, मला त्यांनी शिकवला तो असा. पेपरातली एक जाहिरात पुढे ठेवली. ड्रायव्हर पाहिजे. लायसन्स हवं, रात्रपाळी करावी लागेल, कन्नड यायला हवं.

"या जाहिरातीला गाडी चालवता येते?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग हिचा उपयोग काय?"

मी जाहिरात पुन्हा वाचली.

"जाहिरात नसेल तर कोणीही येऊन स्टिअरिंगवर बसेल, तम्मा. कोण येणार ते हिला ठाऊक नाही. आलेल्याला काय काय यायला हवं तेवढं ठाऊक आहे. त्यातलं एक जरी येत नसेल तर आपला प्रोग्रॅम तपासणारा कंपायलर त्याला गाडीत चढू देत नाही."

सगळीच फंक्शनं रिकामी असली तर ती नुसती अट, म्हणजे इंटरफेस. काही भरलेली आणि काही रिकामी असली तर, त्यांच्या शब्दांत, "आईने कणीक मळून ठेवली, पोळ्या ज्याच्या त्याने लाटायच्या." आमच्या सी प्लस प्लसमध्ये इंटरफेससाठी वेगळा शब्दही नव्हता. अक्का ते शिस्तीने पाळायच्या, इतकंच.

त्या गोड वगैरे नव्हत्या. मी एकदा 'मशीन अमक्या कंपनीचं असेल तर हे कर, तमक्या कंपनीचं असेल तर ते कर' अशी सात पायऱ्यांची उतरंड रचली होती. अक्कांनी ती सगळ्यांसमोर वाचली. "दारात उभा राहून प्रत्येकाला जात विचारतोस काय रे? काम येतं का, एवढं विचार आणि आत घे." सगळे हसले. आठवडाभर मी त्यांच्याशी बोललो नाही. उतरंड मात्र त्याच दिवशी मोडली.

देवनहळ्ळीच्या पुढे फुलांचं एक शीतगृह होतं. परदेशी जाणारे गुलाब तिथे ठेवत. तिथल्या थंड खोल्यांवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम आम्हाला मिळाला. खोल्यांची यंत्रं तीन वेगवेगळ्या कंपन्यांची. अक्कांनी वरचं रिकामं पान लिहिलं आणि आम्हा तिघांना एकेका यंत्राचा क्लास, म्हणजे खालचं भरलेलं पान, लिहायला दिला. खोली तापली की घंटा वाजली पाहिजे, ही त्यातली मुख्य अट.

माझ्या यंत्राच्या घंटेची जोडणी कशी करायची त्याचे कागद आले नव्हते. शुक्रवारी गिऱ्हाइकाला दाखवायचं होतं. घंटेचं फंक्शन भरलेलं नाही म्हणून कंपायलर अडून बसला होता. मी दोन महिरपी कंस टाकले आणि मध्ये एक ओळ लिहिली. तिचा अर्थ, घंटा वाजली. घंटा वाजवायचं काहीच नाही, नुसतं 'वाजली' म्हणून सांगायचं. कंपायलरचं समाधान झालं. तो जागा भरली की नाही बघतो, कशाने भरली ते बघत नाही. प्रोग्रॅम शीतगृहात बसला. पुढच्या आठवड्यात कागद आले आणि माझ्या टेबलाच्या खणात गेले. मी अमेरिकेच्या व्हिसाचे फॉर्म भरण्यात गुंतलो होतो. कंपनीतून एकालाच जायचं होतं आणि तो मी होतो.

महिन्याभराने एका रविवारी दुपारी माझ्या वाट्याचं यंत्र बंद पडलं आणि खोली तापली. घंटा वाजली नाही. रखवालदार बाहेर रेडिओ ऐकत बसला होता. सोमवारी सकाळी दार उघडलं तेव्हा गुलाब काळे पडले होते.

फोन आला तेव्हा ऑफिसात मी एकटाच होतो. खणातून कागद काढले, फंक्शन नीट भरलं आणि बसलो. वीस मिनिटांचं काम होतं.

अकराला दामल्यांनी सगळ्यांना बोलावलं. त्यांच्या हातात प्रोग्रॅमची छापील पानं होती. "अक्का, घंटेच्या फंक्शनमध्ये काही नाहीच्चे. शून्य. वर नाव तुमचं."

"ते शून्यच पाहिजे, सर. खालच्याने भरल्याशिवाय चालू देऊ नको असं सांगतंय ते. खालचं पान काढा."

दामल्यांनी माझं पान काढलं, त्याच सकाळी छापलेलं. अक्कांनी ते दोनदा वाचलं.

"हे असं असतं तर घंटा वाजली असती," त्या म्हणाल्या.

"एक्झॅक्टली," दामले म्हणाले. "म्हणजे खालचं करेक्ट आहे. मग चूक वरच झाली ना?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "सुधीर, तू सांग स्वल्प." त्यांनी मला नावाने हाक मारली ती तेवढी एकदाच.

मी म्हणालो, "मी अक्कांच्या डिझाइनप्रमाणेच केलं होतं."

हे वाक्य खोटं नव्हतं, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटंच होतं.

दुपारी अक्का माझ्या टेबलाशी आल्या. त्या दर शुक्रवारी सगळ्यांच्या कामाची नक्कल फ्लॉपीवर ठेवायच्या. आदल्या शुक्रवारची फ्लॉपी त्यांनी माझ्यासमोर ठेवली. तिच्यात माझी ती एक ओळ जशीच्या तशी होती.

"मी दाखवली तर ती तक्रार होते, तम्मा. तू दाखवलीस तर दुरुस्ती. दामल्यांनी मला शुक्रवारपर्यंत वेळ दिलाय, नाहीतर नोकरी सोडायची."

"दाखवतो, अक्का," मी म्हणालो.

"सरी," म्हणजे बरं, असं म्हणून त्या गेल्या. नक्कल दुसरीकडे ठेवली नव्हती त्यांनी. ठेवावी असं त्यांच्या मनातही आलं नसणार.

मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी मी ती फ्लॉपी फॉरमॅट करून कोरी केली. शुक्रवारी अक्का पितळी डबा आणि चष्म्याचं घर पिशवीत घालून जिना उतरल्या. त्यानंतर ऑफिसात कुणाचंही काम अपुरं राहिलं की "अक्का झालं" म्हणायची पद्धत पडली. मीही म्हणायचो. मी नसतो म्हणालो तर कुणाच्या लक्षात आलं असतं, अशी भीती वाटायची.

अमेरिकेत मी दोन वर्षं पुरी करतो न करतो तोच आमच्या कंपनीत जावा ही प्रोग्रॅमची नवी भाषा आली. तिच्यात 'इंटरफेस' हा भाषेतलाच शब्द. अक्का जे शिस्तीने पाळायच्या ते आता नियमातच बसलं होतं. कंपनीने मला नव्या लोकांना शिकवायला उभं केलं. मी ड्रायव्हरची जाहिरात सांगितली. लोकांना फार आवडली. एकाने विचारलं, हे कुठलं? मी म्हणालो, असंच सुचलं.

बंगळूरला परत आल्यावरही त्यांच्या घरी जायला मला कितीतरी वर्षं लागली. राजाजीनगरातलं तेच जुनं घर. अक्का सत्तरीच्या पुढे गेल्या होत्या. दारातच खुर्ची टाकून अवरेकाई, म्हणजे वालाच्या शेंगा, सोलत होत्या. कंपनीतून गेल्यावर त्यांना कुठेच काम मिळालं नव्हतं. शाळेच्या पोरांना गणित शिकवत त्यांनी घर ओढलं होतं. मी ओळख सांगितली. त्यांनी "बस की" म्हटलं.

"अक्का, ती चूक माझी होती."

"ठाऊक आहे."

"फ्लॉपी मी पुसली."

त्यांचे हात थांबले. "ते नव्हतं ठाऊक," त्या म्हणाल्या. "मला वाटत होतं, तुझ्या तोंडून निघालं नसेल. लहान होतास. तशी ती कुठेतरी पडलेली असेल तुझ्याकडे." एक शेंग उचलून परत खाली ठेवली आणि म्हणाल्या, "पुसलीस काय."

मी माफी मागायला लागलो तर त्यांनी हाताने थांबवलं. "मला सांगून काय होणार? मी तिथे होते. ज्याला ठाऊक नाही त्याला सांग." आणि पुन्हा शेंगा सोलू लागल्या. त्या घरातून कॉफी न घेता उठलेला माणूस बहुधा मी पहिलाच.

बाकीचे कुठे कुठे पांगले होते; ज्याला ठाऊक नाही असा, पत्ता लागणारा एकच माणूस उरला होता, दामले. त्यांना फोन करायला मी आणखी दोन वर्षं घेतली. तेवढ्यात अक्का गेल्या. पेपरात छोटा फोटो होता, चष्मा न लावलेला, म्हणून आधी ओळखताच आला नाही. त्या संध्याकाळी मी फोन लावला. दामले निवृत्त होऊन मारतहळ्ळीला मुलाकडे राहतात. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. ओळ, सकाळची वीस मिनिटं, फ्लॉपी. 

दामले म्हणाले, "अरे, तू तेव्हा सांगितलं असतंस तरी मी तिलाच काढलं असतं. तुझा व्हिसा झाला होता. क्लायंटला कोणाचं तरी नाव द्यायचंच होतं. उगाच मनाला लावून घेऊ नकोस."

फोन ठेवला तेव्हा मला हलकं वाटलं. हे लिहायला नको होतं, पण वाटलं. म्हणजे माझ्या बोलण्याने काही फरक पडलाच नसता, असं मनाशी म्हणत मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. हिशेब चुकतोय हे कळायला मला ती रात्र आणि दुसरा दिवस लागला. मी बोललो असतो तरी नोकरी त्यांची गेलीच असती. पण मग दामल्यांना हे वाक्य अक्कांच्या तोंडावर, सगळ्यांसमोर म्हणावं लागलं असतं, तुमची चूक नाही तरी तुम्ही जा. अक्का ते ऐकून जिना उतरल्या असत्या. आणि त्यांचं पान बरोबर होतं हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत असतं.