बाथरूमचा उंबरा

परसातल्या संडासाच्या पायरीवरून आत्ती घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडून बसल्या. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या खंडाळा तालुक्यातल्या खेड्यात बहुतेक संडास असेच, घरापासून लांब, टाकीच्या डोक्यावर, आणि चढायला उंच पायऱ्या. जणू काही दर्शनालाच जायचंय! साताऱ्यात ऑपरेशन झालं, खुब्यात नवा गोळा बसवला. सोडताना डॉक्टरांनी मला बजावलं, उकिडवं बसायचं नाही, पायरी चढायची नाही, वॉकर धरूनच चालायचं. पुन्हा पडल्या तर अंथरुणातून उठणार नाहीत.

म्हणून त्यांना तात्पुरतं साताऱ्यातच नणंदेकडे ठेवलं. माणसं चांगली, घरात कमोडची सोय. पण लेकीच्या सासरी मुक्काम करायचा म्हणजे आत्तींच्या जिवाला घोर. मी भेटायला गेले तर त्यांचे ओठ पार सुकलेले.

"आत्ती, पाणी पीत न्हाई का तुमी?"

त्यांनी दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "प्यालं की जावं लागतंय गं. व्याह्यांच्या देखत लेक मला धरून न्हेती. दाराला कडी न्हाई, ती बाहीर उभी ऱ्हाती. मेल्याहून मेल्यागत हुतंय. मला घरी ने. आतनं कडी लावून एकटीला जाता आलं पायजे, बास."

आत्ती म्हणजे जिच्या एका हाकेनं सगळी आळी गोळा व्हायची अशी बाई. तिच्यावर तहान मारायची वेळ आली. मला रडू नाही आलं, संताप आला. कुणाचा ते मला अजून सांगता येत नाही. एसटीत बसल्या बसल्या ठरवून टाकलं, आत्तींच्या खोलीला लागून बाथरूम बांधायचं आणि त्यांना घरी आणायचं. हे फौजेत, तिकडं वर बॉर्डरला. सुट्टी मिळायची नव्हती. म्हणजे करायचं ते मलाच.

आमच्या गावचा मिस्त्री हाताचा चांगला, शब्दाचा कच्चा. विचारायला गेले तर "लगीच करू वैनी" म्हणाला, आणि संध्याकाळी दारात वाळू टाकून, तिच्यापाशी चाळण उभी करून गेला. झालं, त्यानं काम धरलं. एकाची वाळू पडली की दुसरा गवंडी त्या दारात पाय ठेवत नाही, अशी आमच्याकडची रीत. मग तो मोकळा, आपण बसायचं वाट बघत. फोन केला की "निघालोच" म्हणायचा आणि यायचा काही नाही. त्या वाळूत गावातली मांजरं यायला लागली. संडास माझ्या सासूचा आणि सोय झाली मांजरांची!

मग मात्र मी स्कूटी काढली. लोणंदच्या रस्त्याला एका लग्नघराचं प्लास्टर चालू होतं, तिथं हा सापडला.

"आवं वैनी, तुमी हितं? उद्या येतू की!"

"उद्या न्हाई. आत्ता चला."

"लगीनघर हाय वं. कसं सोडू?"

"लग्न एकदाच हाय. माझ्या सासूला रोज जायाचं असतंय."

परातीवरचे गडी फिदीफिदी हसले. मी एक पाटी पालथी घातली आणि तिथंच ठाण मांडलं. जेवणाची सुट्टी झाली तरी उठले नाही. लग्नघरच्या बाईनं चहा दिला, तोही निवांत प्याले. माझं सगळं ऐकल्यावर तीच पदर खोचून म्हणाली, "जावा वं मिस्त्री, हिच्या सासूचं करा आधी. माझ्या भिंती कुठं पळून चालल्यात?" दुसऱ्या दिवशी सकाळी पाया खणायला सुरुवात झाली.

तरी हा बाबा माझं ऐकेल तर शपथ! खिडकी कुठं, साहेबास्नी इचारतो. नळ कुठं, साहेबास्नी इचारतो. एकदा मी ह्यांचा फोन लावून सरळ स्पीकरवर टाकला. हे म्हणाले, "मिस्त्री, मला काय इचारताय? तिथं तिचं चालतंय, आन् हितं माझ्या सायबाचं. माझं कुठंच न्हाई." मिस्त्री लय हसला, पण त्यानंतर जरा वळणावर आला.

एक गोष्ट मी त्याला पुन्हा पुन्हा सांगितली होती. खोलीची फरशी आणि बाथरूमची फरशी एकाच पातळीत पाहिजे. दारात उंबरा नको, पट्टी नको, काही नको. डॉक्टर म्हणाले होते, वॉकर पलीकडं आणि पाय अलीकडं राहिला, की तिथंच माणूस पुन्हा पडतं. मिस्त्री प्रत्येक वेळी मान डोलवायचा.

एके दिवशी साताऱ्याहून आत्तींना भेटून आले. बघते तर बाथरूमच्या दारात काळ्याभोर दगडाचा चांगला चार बोटं उंच उंबरा! घासून पुसून चकचकीत. वर हळदीकुंकू, पुढं नारळ फोडलेला. शेजारच्या चुलत सासूबाई पूजेचं ताट घेऊन उभ्या, आणि मिस्त्रीचा चेहरा नुसता फुललेला.

"बिनउंबऱ्याचं दार म्या आजवर बसवलं न्हाई वैनी. पाणी खोलीत येतंय, आन् बरंबी दिसत न्हाई. आत्तींसाठी खास दगड आणलाय."

माझं डोकंच फिरलं. "काढा त्यो."

"पुजलेला उंबरा? माझा हात न्हाई उठायचा."

चुलत सासूबाईंनी ताट खाली ठेवलं. "अगं ये शहाणे, धनी तुझा तिकडं बंदुकीच्या तोंडावर हाय. आन् तू घरातला पुजलेला उंबरा फोडतीस? काय वाटतंय का जिवाला?"

वाटत होतं. का नाही वाटणार? फौजीच्या घरातली बाई असल्या गोष्टींना हसत नाही. फोन एकदा लागला नाही तरी ती देवापुढं दिवा लावून बसते. चुलत सासूबाईंनी तोवर आत्तींना फोन लावून माझ्या हातात दिलासुद्धा. जावेनं आत्तींच्या कानावर आधीच सगळं घातलं होतं.

आत्ती म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं उंबरा. माझ्या लेकाचं बरं असू दे. म्या बसून सरपटत जाईन."

सरपटत! त्या एका शब्दानं मी भानावर आले. ज्या बाईला व्याह्यांपुढं धरून नेलेलं सोसत नव्हतं, ती स्वतःच्या घरात सरपटणार, आणि तेही त्यांच्या लेकाच्या नावानं? ह्यांना विचारलं असतं तर ह्यांनी काय सांगितलं असतं, ते मला पक्कं माहीत होतं. मी फोन ठेवला. चप्पल काढली. उंबऱ्याला हात लावून पाया पडले, "माफ कर बाबा" म्हणाले, आणि मिस्त्रीच्या पिशवीतनं छन्नी-हातोडी उचलली.

पहिला घाव घातला तो माझ्याच बोटावर. दुसरा दगडावर बसला. चुलत सासूबाई "अगं बाई, अगं बाई" करत परसात निघून गेल्या. माझ्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि हात चालू होता. ढलप्या उडायला लागल्या तसा मिस्त्री कळवळला.

"आवं वैनी, फरशी फुटंल की! लय वाईट मारताय. द्या हिकडं."

"तुमचा हात उठत न्हाई ना?"

"उठला आता. फुटलेला उंबरा कुणाचा पुजलेला असतोय व्हय?" असं म्हणून त्यानं बुडातनं छन्नी घालून अख्खा दगड उचकटला. मग आतली फरशीही उखडायला लावली मी, आणि पाणी दाराकडं न येता जाळीकडं जाईल असा ढाळ द्यायला लावला. फरशी वाळल्यावर बादलीवर बादली ओतून बघितली. एक थेंब खोलीत आला नाही. मिस्त्री म्हणाला, "तुमच्यागत मालकीण पुन्हा नगं गड्या." मी म्हटलं, "मला तरी कुठं पुन्हा बांधायचंय?"

आणि नेमका त्याच आठवड्यात ह्यांचा फोन लागेना. उचलत नव्हते असं नाही, लागतच नव्हता. चुलत सासूबाई येता-जाता आधी बाथरूमच्या दाराकडं आणि मग माझ्याकडं बघायच्या. मी रंगाऱ्याशी भांडत होते, कमोडवाल्याशी भांडत होते, आणि मनात सारखं एकच, देवा, माझ्या हट्टापायी नको रे काही. शेवटी एका दुपारी फोन वाजला. "अगं, वरच्या पोस्टवर होतो, रेंज न्हाई तिथं. झालं का बाथरूम?" मी त्या माणसाला असं झापलं, असं झापलं, की बिचाऱ्याला कळेना आपलं चुकलं काय. उंबऱ्याचं त्यांना काही सांगितलं नाही.

मग आत्तींना जीपनं घरी आणलं. आल्या आल्या म्हणाल्या, "दाव." वॉकर टेकत टेकत खोलीतनं दारापाशी आल्या आणि थांबल्या. खाली बघितलं.

"फोडलास व्हय?"

"व्हय."

"त्याचा फोन आलता?"

"आलता. बराय त्यो."

त्यांनी मोठा श्वास सोडला. वॉकर पुढं सरकवला, मागनं एक पाय, मग दुसरा, आणि कुठंही न अडखळता आत गेल्या. दार लोटलं. मला कडी लागल्याचा आवाज आला. मी भिंतीला टेकून, कान देऊन उभी. पडल्या तर? हाक मारली आणि ऐकूच आली नाही तर?

थोड्या वेळानं आतनं आवाज आला, "कोण हाय बाहीर?"

"मी हाय आत्ती."

"मग उभी का हायेस तिथं? जा की तुझ्या कामाला! माणसाला घटकाभर निवांत बसू देत न्हाई ही बया."

मी पळाले.