ताराचं ‘परत’

गावात नंदीबैलवाला आला की पोरं बैलाला विचारायची, "पाऊस पडंल का?" बैल मान डोलवायचा. "गुंडप्पा चेअरमन इमानदार हाय का?" बैल पुन्हा मान डोलवायचा आणि माणसं पोट धरून हसायची. बलभीमच्या तारामतीला गावानं ‘नंदी’ नाव ठेवलं ते यावरूनच. ज्यानं ठेवलं त्याच्या तोंडात माती घालावी असं मला आजही वाटतं.

तारा जन्मली तीच अशी. हातपाय पिळवटलेले, जीभ वळत नाही, बोलायला गेली की घशातून नुसती घरघर, आणि मान सारखी हलती. खाली-वर, खाली-वर. ती काही तिच्या ताब्यात नव्हती. डोकं मात्र शाबूत होतं. आमच्या निम्म्या पंचांपेक्षा जास्त शाबूत होतं, हे मी कुणाच्याही तोंडावर सांगीन.

बहात्तरच्या दुष्काळात ती सात-आठ वर्षांची असेल. तिची आई सिताबाई तिला कडेवर घेऊन रस्त्याच्या कामावर जायची, बाभळीखाली पोत्यावर निजवायची आणि खडी फोडायला बसायची. दुपारी सुकडी, गूळ घातलेलं भाजकं पीठ, वाटली जायची. मुकादमाचा एक माणूस रोज ताराच्या पुढ्यात उकिडवा बसायचा आणि मोठ्यानं विचारायचा, "काय गं, तुझी सुकडी घेऊ का?" मान हलायची. "बघा, व्हय म्हणली!" असं म्हणून तो वाटी उचलायचा. सगळं काम थांबवून लोक हसायचे. पोटात अन्न नसलेली माणसं एका उपाशी पोरीच्या तोंडचा घास जाताना बघून हसत होती. सिताबाई हातोडी टाकून शिव्या देत धावायची आणि तोवर वाटी रिकामी झालेली असायची.

पुढं सगळं असंच झालं. "तारे, तुजा थोरला भाऊ श्रीमंत येगळा राहतो म्हणतोय, चालंल का?" मान हलली. "तारे, बापाच्या मागं जमीन भावाच्या नावावर करायची, राजी हाईस ना?" मान हलली, अंगठा उठला. सिताबाई ओरडून सांगायची की पोरगी नाही म्हणतीया, तिचे डोळे बघा. कुणी बघायचं नाही. आईला काय, सगळंच कळतंय, म्हणायचे.

मी पिराजी. माकणीच्या अलीकडं आमचं गाव. दूध संस्था निघाली तेव्हा मी तिथं दूध तपासायला लागलो. सकाळी बाया किटल्या घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. मी डिग्री लावायचो, म्हणजे दुधात काचेची नळी सोडून पाणी किती ते बघायचो. पाणी निघालं की किटली हातानं मागं ढकलायची आणि ओरडायचं, "परत!" एवढ्या एका शब्दापायी मी निम्म्या गावाशी वाकडं घेतलं. कारण परत म्हणजे नुसतं दूध माघारी जाणं नव्हतं, चारचौघांत इज्जत माघारी जायची. हळूहळू तो शब्द गावाच्या तोंडात बसला. पोरीला बघायला आलेला नवरा पसंत पडला नाही की तिच्या मैत्रिणी म्हणायच्या, "परत!" आमटी खारट झाली की नवरा ताट सरकवायचा, "परत." पुण्या-मुंबईला परत म्हणजे पुन्हा. आमच्याकडं परत म्हणजे न्हाय, ने माघारी.

एक्याऐंशीला अपंगांचं वर्ष आलं. अपंगाच्या नावानं म्हैस मिळते, असं गुंडप्पा चेअरमनच्या कानावर आलं आणि त्याला तारामती आठवली. तोवर आठवली नव्हती. त्यानं श्रीमंतला हाताशी धरलं, साहेब आणला. साहेबानं विचारलं, "मुली, म्हैस सांभाळशील ना? कळतं ना तुला सगळं?" मान हलली. "कळतंय साहेब, लई हुशार हाय," चेअरमन म्हणाला. तारा संस्थेची सभासद झाली, म्हैस तिच्या नावावर आली, आणि फोटोत हार मात्र चेअरमनच्या गळ्यात होता.

पण म्हैस आली सिताबाईच्या दारात, आणि त्या दोघींचं घर उभं राहिलं. सिताबाईनं फळीला चाकं लावून एक गाडा करून घेतला होता. त्यावर तारा, तिच्या पायाशी किटली, अशी त्यांची वरात रोज सकाळी यायची. तारा संस्थेपुढच्या खांबाला टेकून बसायची आणि रांग बघायची. त्यांचं दूध एकदाही माघारी गेलं नाही. दुसऱ्या कुणाचं गेलं, मी "परत!" ओरडलो, की पहिली हसायची ती तारा. असं खदखदून हसायची की दूधवाल्या बायांचा राग तिच्यावर निघायचा.

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात गद्रेबाई आल्या. पुण्याच्या कुठल्याशा कॉलेजातून, ज्यांना बोलता येत नाही त्यांना दुसऱ्या वाटेनं कसं बोलतं करावं, याचं संशोधन करत होत्या. तरुण बाई, साधी सुती साडी, बोलणं गोड. चेअरमनच्या घरी उतरल्या. त्यांनी एक लाकडी चौकट आणली होती, मध्ये मोकळी, कडेनं चित्रं. चौकट ताराच्या तोंडासमोर धरायची, पलीकडून तिचे डोळे बघायचे. डोळे ज्या चित्रावर थांबतील ते तिचं बोलणं. हलती मान बघायची नाही, डोळे बघायचे. सिताबाई वीस वर्षं हेच ओरडत होती. पुण्याहून बाई आल्यावर गावाला ते पटलं. चला, पटलं तरी.

चित्रं मात्र बघण्यासारखी होती. पाण्याचा ग्लास, सफरचंद, गादीचा पलंग, हसरा चेहरा, आणि एक चिनी मातीचा संडास, जो तेव्हा चेअरमनच्या घरीसुद्धा नव्हता. मागण्याची सगळी सोय होती. नाकारायला एका कोपऱ्यात लाल फुली होती, पण तारा तिकडं बघायचीच नाही. लाल खूण म्हणजे तिच्या लेखी दवाखाना, सुई.

मग बाई एकदा सकाळी तिला घेऊन संस्थेत आल्या. म्हणाल्या, "तुला कुठलं चित्र हवंय, तूच दाखव." तेवढ्यात मी कुणाची तरी किटली मागं ढकलली आणि ओरडलो. ताराचे डोळे त्या किटलीवर गेले, चौकटीवर आले, पुन्हा किटलीवर. बाईंनी विचारलं, "हे? परत?" तारानं डोळे वर नेले. तो तिचा होकार. बाई इतक्या खूश झाल्या की तिथंच त्यांनी मागं वळलेल्या बाणाची किटली काढली, खाली ‘परत’ लिहिलं आणि तारा फुलीकडं बघतच नाही म्हणून तिच्या जागी चिकटवली. मला वाटलं, पोरीला एकदाचं न्हाय म्हणता आलं. बाईंना काय वाटलं ते पुढं कळलं.

तपासणी घरात व्हायची, दार लावून. आई मध्ये मध्ये उत्तरं देते, म्हणून सिताबाईला बाहेर बसवलं. चौकट धरायला दोन हात हवेत म्हणून आत कोण बसला? श्रीमंत! माकणीला सासरवाडीत राहणारा भाऊ, खास त्यासाठी आला. बाई प्रश्न विचारायच्या, भाऊ चौकट धरायचा, बाई लिहून घ्यायच्या. काम झालं, चौकट ताराकडं ठेवून बाई गेल्या. त्यांच्या संशोधनाची मराठीत काढलेली चार पानं चेअरमनकडं आली.

पुढच्या उन्हाळ्यात पाण्याची ओरड झाली, कडब्याला सोन्याचा भाव आला. सिताबाईनं दुसऱ्यांच्या बांधाबांधानं गवत खुरपून म्हैस जगवली. ती व्यायला झाली तेव्हा श्रीमंत उगवला. म्हणाला, सभासदत्व माझ्या नावावर करा, म्हैस माकणीला नेतो. चेअरमनला संस्थेच्या निवडणुकीत त्याचं मत हवं होतं. दोघांचं जमलं.

सभा मुद्दाम सकाळी ठेवली, दूध घालायला आलेल्यांतच माणसं भरावीत म्हणून. आमच्या सभेची एक रीत होती. चेअरमन ठराव वाचायचा, "मंजूर?" म्हणायचा आणि सगळे ओरडायचे, "मंजूर, मंजूर!" काय वाचलं हे कुणी ऐकायचं नाही. नंदी म्हणे तारा!

चेअरमन उभा राहिला. "सभासद तारामती बलभीम हिला व्यवहाराची समज नाही, सबब सभासदत्व भावाच्या नावे करावं. हे म्या म्हणत न्हाय. पुण्याच्या संशोधनात आलंय."

माझं डोकंच फिरलं. मी तिथं पगारी नोकर, पण उठलोच. "चेअरमनसाहेब, म्हैस घ्यायच्या वक्ताला तुमीच साहेबाला बोलला, लई हुशार हाय. घेताना समज व्हती आन् नेताना गेली व्हय?"

"खाली बस पिराजी. डिग्री लावायचं काम हाय तुजं." आणि त्यानं ती पानं काढली. सगळ्यांनी ऐकावं म्हणून खणखणीत आवाजात वाचायला लागला. "सदर मुलगी साधे प्रश्नही पुन्हा पुन्हा विचारायला लावते. आकलन मंद असावे. उदाहरणार्थ. प्रश्न : तू घरात सुखी आहेस का? उत्तर : परत. प्रश्न पुन्हा विचारला. उत्तर : परत."

मागं किटल्या घेऊन बसलेल्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या.

"प्रश्न : भाऊ तुझी काळजी घेतो का? उत्तर : परत. प्रश्न : जमीन भावाला दिली ती तुझ्या मर्जीनं का? उत्तर : परत. पुन्हा विचारला. परत." चेअरमननं पान उलटलं. "ऐकलं? येका बी सवालाचा जवाब देता येईना. पुन्हा इचारा, पुन्हा इचारा, येवढंच."

मी ती उत्तरं मनात पुन्हा लावून बघितली. मग अंगाचा भडका झाला. त्या बंद दाराआड पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा न्हाय म्हटलं होतं, एका मागून एक, आणि बाईंनी त्याचं ‘पुन्हा’ करून लिहिलं होतं. बाईंना आमच्या गावचा शब्द ठाऊक नव्हता. पण श्रीमंतला ठाऊक होता! तो चौकट धरून तिच्या डोळ्यांसमोर बसला होता. बहिणीचं प्रत्येक न्हाय त्यानं बघितलं आणि गप बसला. मी त्याच्याकडं बघितलं तर तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

पण माझ्या आधी दगडाबाई उठली. तिचं दूध मी सगळ्यात जास्त वेळा माघारी पाठवलेलं. रोज मला मुडदा बशिवला तुजा म्हणणारी बाई ती.

"आरं गुंडप्पा, परत म्हंजी काय रं?"

"परत म्हंजी पुन्हा, मावशी."

"पुन्हा? माजं दूध पिराज्या परत म्हणतो, तवा काय पुन्हा घाल म्हणतो व्हय रं? आं? तुज्या बायकूचं परवा परत झालं, तवा ती तोंड लपवून का पळाली?"

बाया हसल्या, पण ते हसणं चांगलं नव्हतं. सिताबाई इतका वेळ गाड्याजवळ बसून होती. ती उठली, गाड्यावरची चौकट उचलली आणि ताराच्या समोर धरली. "न्हाय, तू धरू नको," दगडाबाई म्हणाली, "उद्या म्हणतील आईनं हालिवली." चौकट तिनं चेअरमनच्याच हातात कोंबली. "धर. आन् तूच इचार तिला."

पळायला जागा नव्हती. चेअरमन बसला पोरीसमोर. "तारे... म्हैस श्रीमंतला द्यायची का?"

मान हलली, खाली-वर, नेहमीसारखी. तिचे डोळे मात्र किटलीवर गेले आणि तिथंच राहिले. पाणी भरलं तरी हलले नाहीत.

"काय म्हणायलीय?" दगडाबाईनं विचारलं. चेअरमन ओठातल्या ओठात काहीतरी बोलला. "मोठ्यानं बोल की, मघाशी लई खणखणीत वाचत व्हतास."

"परत," चेअरमन पुटपुटला.

मग त्याला जी सवय तीच त्याच्या कामी येईल असं वाटलं असावं. चौकट खाली ठेवून तो गडबडीनं म्हणाला, "बरं, ठराव सभेपुढं हाय. मंजूर?"

पुढं बसलेल्या एक-दोन बाप्यांच्या तोंडून सवयीनं ‘मं’ निघाला आणि तिथंच विरला. "परत!" दगडाबाई ओरडली. तिच्या मागून बाया उठल्या. "परत! परत!" कुणी किटलीचं झाकण वाजवलं. ताराच्या घशातून घरघर निघाली ती सगळ्यात मोठी. श्रीमंत त्या गोंधळात कधी निघून गेला ते कुणी बघितलं नाही. त्या वर्षी म्हैस सिताबाईच्याच गोठ्यात व्याली, पारडी झाली.

चेअरमन पुढच्या निवडणुकीतही निवडून आला, हेही सांगून टाकतो. एका सकाळी गाव सुधारत नाही.

पावसाळ्यानंतर गद्रेबाई पुन्हा आल्या. मी त्यांना संस्थेतच गाठलं आणि सगळं सांगितलं, आवाज चढवूनच सांगितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्या ताराच्या घरी गेल्या. या वेळी दार उघडं होतं, सिताबाई उंबऱ्यावर होती, चौकट मी धरली होती. बाईंनी जुने सगळे प्रश्न नव्यानं विचारले आणि प्रत्येक किटलीपुढं ‘नाही’ लिहिलं. लिहिता लिहिता रडल्या. मला त्यांचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण सुकडीची वाटीही आठवत होती.

शेवटी त्यांनी कागद बाजूला ठेवला. "तारा, माझा राग आलाय तुला?"

ताराचे डोळे वर गेले. होय.

"माझी चूक झाली. मला माफ करशील?"

ताराचे डोळे चौकटीवर फिरले. हसऱ्या चेहऱ्यावरून गेले, ग्लासावरून गेले आणि किटलीवर येऊन थांबले.

बाईंनी प्रश्न पुन्हा विचारला नाही.