अप्पांचं लढाऊ विमान

मन्मथअप्पा गोळ्या झाडताना शिव्या देत. गळ्यात इष्टलिंग, गालात पान, आणि समोर टीव्हीच्या पडद्यावर ठोकळ्या-ठोकळ्यांचं लढाऊ विमान. "घे मुडद्या! घे अजून!" उमरीजवळच्या फाट्यावर त्यांचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. कीबोर्डातच सगळं मावलेला तो जुना संगणक त्यांनी भंगारातून उचलून जिवंत केला होता. गेम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून चढायचा. पाच मिनिटं किरकिर, मग युद्ध.

मी तिथं मोर्च्याची पत्रकं ठेवायला जायचो आणि खेळत बसायचो. पडद्यावर तेलाच्या टाक्या येत. त्यांच्यावरून उडालं की विमानात तेल भरे, फोडल्या तर गुण मिळत. मी सगळ्या फोडायचो. अप्पा टपली हाणत. "अबे लीडर, टाकी फोडून राहिला! पुढं काय, मुतावर उडवतू का विमान?" विमान कोसळायचंच. "गुण लई मिळाले बग," ते खदाखदा हसत.

आमच्या गावांना दिवसाला एकच बस. कॉलेजच्या पोरी अप्पांच्याच दुकानात तिची वाट बघत बसत. एके दिवशी दाराला लटकलेली एक पोरगी निसटली आणि मागच्या चाकाखाली चिरडली. मी पत्रक काढलं: दुसरी बस द्या, नाहीतर रस्ता पेटेल.

फाटा अडवला. हाती लागली ती आमचीच बस. माणसं उतरवली आणि मीच ओरडलो, "फोडा!" काचा फुटल्या. कुणीतरी डिझेलचा कॅन आणला. तेवढ्यात अप्पा दुकानातून पळत आले आणि हात पसरून बसपुढं उभे राहिले.

"अबे, हीच एक हाय की रे! उद्या पोरी कशानं येतील?"

दगड चालूच होते. थांबवायला माझा एक शब्द पुरला असता. मी बोललो नाही; मलाही फोडायचंच होतं. एक दगड अप्पांच्या कपाळात बसला. ते बसच्या तोंडावर आपटले आणि पांढरं धोतर लाल होत गेलं. मग सगळे पळाले.

नांदेडच्या दवाखान्यात त्यांनी एक डोळा उघडला.

"जळली का?"

"न्हाई अप्पा."

"चालती का?"

"डेपोत उभी हाय. काचा न्हाईत."

"मग लई गुण मिळाले की तुला, लीडर."

तिसऱ्या दिवशी अप्पा गेले. लिंगायत रिवाजाप्रमाणं त्यांना बसवून माती दिली. माती लोटून झाली तेव्हा कॉलेजच्या पोरी पोचल्या. घामानं भिजलेल्या, पाय धुळीनं भरलेले. गावापासून चालत आल्या होत्या.